तुम्ही विचारलेत म्हणून : कॅसेटची फाइल लगेच का मिळत नाही?

‘कॅसेट ग्रंथालयाचीच आहे, सोमवारच्या तासाला दाखवायची आहे, मग पेन ड्राइव्हवर उतरवून द्यायला इतके दिवस कशाला?’ विद्यापीठ ग्रंथालयाचा दृक्‌श्राव्य विभाग सांभाळताना हा प्रश्न मला दर सत्रात ऐकावा लागतो आणि मी नियमांच्या आड दडून काम टाळते, असा त्याचा रोख असतो.

तासाभराची फीत संगणकावर उतरवायला तासच लागतो. व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ कॅसेट चालवणारे यंत्र, बनवणारी शेवटची जपानी कंपनी २०१६ मध्ये थांबली. आमचे यंत्र बिघडले, तर नवे मिळणार नाही.

इतिहास विभागाने १९८२ च्या संपातील एका गिरणी कामगाराची मुलाखत व्हीएचएसवर घेतली होती. एक प्राध्यापक ती कॅसेट घेऊन आले, तेव्हा तिच्या काचेतून गुंडाळीच्या कडेवरची पांढरट बुरशी स्पष्ट दिसत होती. अशी फीत तशीच चालवली, तर बुरशी यंत्राच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. म्हणून ती आधी कोरडी करून हळूहळू साफ करावी लागेल, असे मी सांगितले. सरांना थांबायला सवड नव्हती. त्यांनी ती बाहेरच्या दुकानातून उतरवून आणली. परत आली तेव्हा फितीची खालची कड चुरगळलेली होती. चित्राची लय सांभाळणारा कंट्रोल ट्रॅक नेमका त्याच कडेला असतो आणि आवाज वरच्या कडेला. त्यामुळे ते आजोबा संपातल्या उपासमारीविषयी सांगू लागतात तेव्हा शब्द ऐकू येतात, पण चेहरा फाटत, घसरत जातो. दुसरी प्रत कोठेच नव्हती. ‘तुम्ही वेळेवर दिली असती तर ही वेळ आली नसती,’ असे मलाच सुनावण्यात आले. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

विकत घेतलेल्या चित्रपटांची गोष्ट वेगळी. पूर्वी लेखी परवानगीशिवाय मी त्यांना हात लावत नसे. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने, मूळ प्रत जवळ असलेल्या अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी ती डिजिटल स्वरूपात साठवता येते, आणि शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने केलेली प्रत कायद्याला मान्यच आहे. विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांतील पानांच्या प्रती काढण्यावरून प्रकाशकांनी केलेल्या दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्यासंबंधीच्या तरतुदीचा उदार अर्थ लावला. पण तो वाद पुस्तकांतील पानांचा होता. त्याच्या आधारे अख्खा चित्रपट वर्गभर वाटावा का? जतन म्हणजे वाटप नव्हे, असे माझे जुने मन बजावते. विद्यार्थ्याला पाहताच येणार नसेल तर जतन कोणासाठी, असे आताचे मन विचारते. दोघांपैकी कोणीही माघार घेतलेली नाही. तोवर वर्गात दाखवायला मी फाइल देते, घरी न्यायला देत नाही.

विभागांनी स्वतः घेतलेल्या मुलाखती जगात इतरत्र कोठेही नाहीत, म्हणून त्या मी आधी हाती घेते. त्यामुळे तुमचा चित्रपट मागे पडतो, हे मला मान्य आहे.