घराजवळच्या ब्रूपबमधील संध्याकाळ

आज संध्याकाळी जुन्या मित्रांसोबत रिक्षाने घराजवळच्या ब्रूपबमध्ये गेलो (प्यायचे असेल तर गाडी घरीच ठेवायची, हे आमच्यात पक्के आहे) आणि तिथेच बनवलेली गव्हाची बिअर मला मनापासून आवडली. ही बिअर न गाळता देतात, त्यामुळे गव्हातील प्रथिने आणि यीस्ट तिच्यात राहून ती गढूळ, फिकट सोनेरी दिसते. ग्लास तोंडाजवळ नेताच पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा जो वास येतो, तो यांपैकी काहीही न घालता केवळ आंबवण्याच्या काळात यीस्टच तयार करते, हे तिथल्या ब्रूअरने आस्थेने समजावून सांगितले.

जेवायला सुके मटण आणि तांबडा-पांढरा मागवला. तांबड्याचा जाळ बिअरने शमत नाही, उलट तिच्यातील कार्बन डायऑक्साइडमुळे जीभ अधिकच चुरचुरते. खरा उतारा मिळाला तो नारळाच्या दुधातील पांढऱ्या रश्श्याचा, कारण मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धांशात मात्र विरघळते. म्हणून बिअर आधी, खारवलेल्या शेंगदाण्यांसोबत सावकाश संपवावी आणि मगच ताट मागवावे, असे माझे मत झाले आहे. पांढरा मात्र जरा पातळ होता. खसखस आणि तीळ हात राखून घातले असावेत, आणि कोल्हापुरात तरी तसे होऊ नये.