यादीत नसलेला अ‍ॅस्बेस्टॉस

“साब, अंदर चूना निकला है.” इंजिनरूममधून वर आलेल्या कटरने, म्हणजे जहाजाचे पत्रे कापणाऱ्या कामगाराने, एवढंच सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

गुजरातमधल्या अलंगला जुनी जहाजं तोडतात, तिथल्या एका यार्डात मी सेफ्टी ऑफिसर आहे. नव्वदच्या दशकात बांधलेलं हे मालवाहू जहाज पौर्णिमेच्या उधाणावर चिखलात चढवलं होतं. कस्टम्स, मेरिटाइम बोर्ड, प्रदूषण मंडळ यांच्या तपासण्या झाल्या होत्या, टाक्यांत पेट घेणारा वायू उरला नसल्याचं गॅस-फ्री सर्टिफिकेटही हातात होतं. घातक पदार्थांच्या यादीवरून, म्हणजे आयएचएमवरून, तोडण्याचा आराखडा मंजूर झाला होता. त्या यादीत एक्झॉस्ट पाइपवरच्या आवरणासमोर लिहिलं होतं: ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस), नमुना तपासलेला.

मी मास्क लावून खाली उतरलो. पत्रा उचकटलेला होता. त्याखाली पिवळी, चकाकणारी ग्लासवूल होती, ती खरीच होती. पण तिच्याही खाली राखाडी-पांढरा, प्लास्टरसारखा थर पाइपला चिकटलेला. तुटलेल्या कडेला कापसाच्या वातीसारखे तंतू सुटलेले दिसत होते. चुन्याला तंतू नसतात, अ‍ॅस्बेस्टॉसला असतात. कधीतरी दुरुस्तीत जुन्या थरावर नवा थर चढवला असणार आणि यादी करणाऱ्याने वरचाच तुकडा काढून तपासायला पाठवला. नमुना प्रत्येक थरातून, थेट धातूपर्यंत घ्यायचा असतो. एवढं एक काम नीट झालं असतं, तर तो कटर त्या धुळीत अर्धा तास उघड्या तोंडाने उभा राहिला नसता.

काम थांबवलं. इंजिनरूमचे पंखे बंद, दारांना पट्ट्या, उघड्या भागावर साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा आणि वर ओलं प्लास्टिक. त्या कटरचे आणि त्याच्यासोबतच्या कामगाराचे कपडे तिथेच उतरवून पिशवीबंद केले, त्यांना आंघोळीला पाठवलं आणि दोघांची नावं, वेळ, जागा नोंदवहीत घातली. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून फुफ्फुसात जातात आणि त्यांचा आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो. तेव्हा हा माणूस ओडिशात आपल्या गावी असेल आणि त्याच्याकडे पुरावा म्हणून ही एक ओळच असेल.

नमुना ओला करून, दुहेरी पिशवीत घालून प्रयोगशाळेत पाठवला. निकाल आला, क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस. नव्या जहाजांत तो २००२ पासून जवळजवळ बंद झाला आणि २०११ पासून पूर्णच, पण आमचं जहाज त्याआधीचं.

मधले दिवस कठीण गेले. जहाज बँकेच्या पैशावर घेतलेलं, व्याज रोज चढतं. “यादीत नाही ना? मग आपण कशाला शोधायचं?” असं मला सरळ विचारलं गेलं. मी क्लेमान्सोची आठवण दिली. ती फ्रेंच विमानवाहू नौका २००५ च्या अखेरीस अलंगकडे निघाली होती आणि आत अ‍ॅस्बेस्टॉस नेमका किती उरलाय या वादातच २००६ मध्ये वाटेवरून माघारी गेली. शेवटी सुधारित आराखडा पाठवायचं ठरलं. पुढे २६ जून २०२५ ला जहाजं सुरक्षितपणे तोडण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार लागू झाला, आता यादीला आणखी वजन आलं आहे. तरी कागदावरची यादी आणि समोरचं जहाज एकच आहे असं मी कधीच धरून चालत नाही.

पाइप जहाजावर सोलायचे नाहीत हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं. आवरण ओलं करून, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, जिथे आवरण नाही तिथे फ्लँजचे, म्हणजे पाइपांच्या जोडाचे, बोल्ट खोलून आम्ही अख्खे तुकडे क्रेनने किनाऱ्यावरच्या खोलीत उतरवले. ही खोली म्हणजे आतली हवा फिल्टरमधून सतत बाहेर ओढणारी निगेटिव्ह प्रेशरची खोली. पंखा सुरू झाला की दाराचा प्लास्टिकचा पडदा आतल्या बाजूला फुगतो. तो सैल पडला तर काम बंद. रोज सकाळी मी आधी तो पडदा बघायचो, मगच कामगारांना आत सोडायचो.

मास्क गालाला घट्ट बसला पाहिजे, म्हणून दाढी चालत नाही. एका कामगाराने नवसाची दाढी ठेवली होती. त्याला दुसरं काम दिलं, मजुरी तीच ठेवायला लावली. एरवी दुसऱ्या दिवशी त्याने नवस मोडला असता किंवा मास्क सैल लावला असता. उन्हाळ्यात त्या पांढऱ्या सूटमध्ये माणूस अर्ध्या तासात घामाने निथळतो. पाळ्या लहान ठेवल्या. बाहेर येताना सूट एका कप्प्यात, आंघोळ दुसऱ्यात, घरचे कपडे तिसऱ्यात.

या आंघोळीबाबत मी कुणाचं ऐकत नाही. माझे वडील मुंबईतल्या दारुखाना भागात, जिथे जहाजं तोडायचे, तिथे कटर होते. त्या काळी हे आवरण हातांनी ओरबाडायचे. बाबा संध्याकाळी ते कपडे घालूनच घरी यायचे आणि आई ते मोरीत धुवायची. मी शेजारी बसलेला असायचो.

पिशव्या दुहेरी, जाड, अर्ध्याच भरलेल्या. तोंड पिळून, उलट वाकवून टेपने बांधायचं. घातक कचरा यार्डात नव्वद दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. आम्ही तो लगेच टीएसडीएफला, म्हणजे घातक कचऱ्याच्या अधिकृत भरावाच्या जागी पाठवला. गाडीसोबत मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीची नोंद-पावती, जातो, सात रंगांच्या सात प्रती. पिवळी आपल्याकडे राहते. माल पोचल्यावर निळी परत येते, तिच्यावरचं वजन आपल्या नोंदीशी जुळलं तरच हिशेब मिटतो. आमचं जुळलं. दरम्यान जनरेटर आणि बॉयलरच्या आवरणाचेही नमुने थराथरातून घेतले. बॉयलरच्या आवरणातही अ‍ॅस्बेस्टॉस सापडला, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

त्या रात्री बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. “न्हाणीघर यार्डातच आहे? आणि गरम पाणी?” त्यांनी दोनदा विचारलं.