बॉल तिकडं गेला होता

रविवार, रात्री साडेनऊ

आज कोल्हापुरात गांधी मैदानावर फुटबॉलचा सराव सामना होता, मी कोच असलेल्या पंधरा वर्षांखालच्या पोरांचा. दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नर आला, आमच्या स्टॉपरनं, म्हणजे मधल्या बचावपटूनं, उडी मारून हेड केला आणि बॉल थेट हाफलाईनकडं गेला. अख्खं मैदान बॉलमागं वळलं. मी त्या पोराचे पाय बघत होतो. एका पायावर उतरला, गुडघा आत वळला. कुणाचा धक्का नाही, काही नाही.

बॉल सोडून बघायची सवय मला उशिरा लागली. कोचिंगच्या डी लायसन्सच्या कोर्सला सांगितलं होतं, बॉल एकाकडं असतो, कोचनं उरलेले एकवीस बघायचे. ऐकायला सोपं! लेफ्ट बॅकला, डावीकडच्या बचावात खेळलेला माणूस मी. अजून क्रॉस आला की टचलाईनवर माझा डावा पाय आपोआप उचलतो. पोरं हसतात.

पोरगा उठला, दोन पावलं लंगडला. "सर, चालतंय की."

हेच मी २००३ साली म्हटलं होतं. बी.कॉम.चं दुसरं वर्ष, विद्यापीठाच्या इंटरझोनलचा सामना. गुडघ्यात कट्ट झालेलं मला स्पष्ट ऐकू आलं होतं. रात्री गुडघा नारळाएवढा. तेलानं चोळला, क्रेप बँडेज आवळलं आणि दुसऱ्या दिवशी परत उतरलो. कुणी थांबवलं नाही. थांबवलं असतं तर ऐकलं असतं का, ते वेगळं. लिगामेंट, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारा पट्टा, हा शब्द पाच महिन्यांनी एमआरआयच्या कागदावर वाचला. खेळणं तिथं संपलं. कोच झालो ते पुष्कळ नंतर, तेही एका मित्राच्या बदली उभा राहिलो म्हणून.

पोराला बाहेर घेतलं, बर्फ लावला, पाय बॅगेवर ठेवला. तो रडला आणि त्याचे काका चिडले. "आमच्या टायमाला असलं काय नव्हतं." शाहू स्टेडियमवर तालमीच्या फुटबॉल टीमसाठी खेळलेला माणूस, त्याला काय सांगणार? तालीम मुळात कुस्तीची. दुखणं दाखवायचं नाही, हे तिथल्या लाल मातीतच आहे.

पोरांना अनिकेत जाधव व्हायचंय. कोल्हापूरचा पोरगा २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये खेळला, हे त्यांना पाठ आहे. वॉर्मअपचा मात्र कंटाळा. दुखापत टाळायचा फिफाचा वॉर्मअप, 'अकरा प्लस', मी दोन वर्षं करून घेतोय. वीस मिनिटं, पंधरा व्यायाम. एका पायावर तोल, उडीनंतर गुडघा पंजाच्या रेषेत ठेवून उतरणं. पोरं त्याला 'सरांची लंगडी' म्हणतात.

आज मैदान उशिरा मोकळं झालं, म्हणून वॉर्मअप पाच मिनिटांत उरकला. उरकला म्हणजे मीच उरकायला लावला. हे काकांना बोललो नाही.

सातला पोरानं गुडघ्याचा फोटो पाठवला. सूज आहे, पण वाटी अजून दिसतेय. फोटो मोठा करून तीनदा बघितला. उद्या दहाला डॉक्टरांकडं. काकाही येणार म्हणाले.