आमची वाटचाल : रोपांचा सोलापुरातला मुक्काम

आमच्या रोपवाटिकेची सुरुवात गुलाब, मोगरा, तुळस आणि जास्वंदीवर झाली. जुळे सोलापुरात नवी घरं उभी राहत होती, लोक अंगणात लावायला रोपं न्यायचे. पुढे अंगणं आटली, फ्लॅट वाढले आणि गिऱ्हाईक फायकस, रबर प्लांट, अरेका पाम, क्रोटन मागायला लागलं. हा माल आमच्याकडे एक तर पुण्याजवळच्या उरुळी कांचनहून येतो, नाहीतर पार आंध्रातल्या गोदावरीकाठच्या कडियमहून. पुणे-हैदराबाद महामार्गावरच आपलं गाव, त्यामुळे गाडी मिळायला कधी त्रास झाला नाही.

खरा प्रश्न रोप घरी गेल्यावर सुरू व्हायचा. भरगच्च फायकस नेलेल्या ताई आठवड्यातच परत यायच्या, "अहो, रोज झाडून पानंच भरतेय मी!" रोपाला ना कीड, ना रोग. तरी पानं गळायची.

याचं उत्तर मला सांगोल्याकडे, मामांच्या डाळिंबाच्या बागेत मिळालं. बहार धरायचा तर बागायतदार आधी पाणी तोडून बागेला ताण देतो आणि मग इथ्रेल नावाचं औषध फवारून पानगळ करून घेतो. इथ्रेलमधून इथिलीन वायू सुटतो. त्याने देठाच्या बुडाशी असलेला पेशींचा पातळ थर सैल होतो आणि पान सुटतं. हाच वायू झाड स्वतःही तयार करतं. निरोगी पान देठाकडे ऑक्झिन नावाचं संप्रेरक सतत पाठवत असतं, तोवर तो थर घट्ट राहतो. उजेड कमी पडला, मुळं गुदमरली किंवा पाणी तुटलं की ऑक्झिन घटतं आणि इथिलीनचं फावतं. मामा जे मुद्दाम घडवतात तेच हॉलच्या कोपऱ्यात न कळत घडत होतं. त्यात कडियमची दमट हवा सोडून आलेलं झाड बंद गाडीच्या अंधारात प्रवास करून आपल्या कोरड्या हवेत उतरलेलं. आणि लगेच पुन्हा नव्या घरी!

तेव्हापासून आम्ही बाहेरून आलेलं रोप तसंच विकत नाही. आधी त्याचा मुक्काम शेडनेटखाली. पहिले काही दिवस कुंडी बदलायची नाही, खत द्यायचं नाही. मग हळूहळू सावली वाढवत न्यायची. भरपूर उजेडात वाढलेली पानं मंद उजेडात तग धरत नाहीत. इथे नव्याने फुटलेली धरतात. ती दिसली की रोप विक्रीला. यात भांडवल अडकतं, जागा अडकते. हिशेब बघणाऱ्या थोरल्या भावाला हे पटायला वेळ लागला, पण तक्रारी घटल्या तसा तोही माझ्या बाजूला आला.

कुंडीत शेतातली काळी माती नको, हेही आम्ही आवर्जून सांगतो. ती पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते आणि मुळांना हवा मिळत नाही. आम्ही लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कुजलेलं शेणखत वापरतो.

सगळ्यात जास्त बोलावं लागतं ते पाण्यावर. आपल्याकडे नळ रोज येत नाही. आला की बॅरल भरतात आणि हात ओला असतानाच सगळ्या कुंड्यांना भरपूर पाणी घालतात. म्हणजे झाडाची तहान नळाच्या पाळीवर! बोट दोन पेरं मातीत खुपसा, आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. बोअरचं पाणी वापरत असाल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर येतो, तो क्षार. अधूनमधून साठवलेलं नळाचं पाणी खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत घाला, क्षार धुतले जातात.

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा कूलरचा थेट झोत झाडावर नको. पिकत्या केळ्यांच्या टोपलीपासूनही झाड लांब ठेवा, फळं इथिलीन सोडतात. कोरड्या उन्हाळ्यात पानामागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी ही कीड समजा, पानं दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवा.

गळालेलं पान आम्ही आधी हातात घेऊन बघतो. बुडाकडची पानं पिवळी पडून गळत असतील आणि माती ओली असेल, तर पाणी जास्त झालंय. कुरकुरीत वाळून गळत असतील तर कमी पडलंय. हिरवीगार पानंच सुटत असतील तर बहुधा जागा बदललीय, अशा वेळी झाड आणखी हलवू नका. खालचं एखादं जुनं पान पिवळं पडणं हे साधं वय आहे.

रोप दुसरीकडून घेतलेलं असलं तरी आमच्याकडे दाखवायला आणा, बघायचे पैसे घेत नाही. फेकण्याआधी मात्र नखाने फांदीची साल थोडी खरवडून पाहा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, त्याला उजेडाच्या खिडकीजवळ ठेवा आणि पाणी बेतानं घाला.