चोक आत ढकलला की बंद: आउटबोर्डच्या दुरुस्तीची प्रगती

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे लावायचं इंजिन. हे ९.९ हॉर्सपॉवरचं, फोर-स्ट्रोक, दोन सिलिंडर, एक कार्ब (हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर), दोरीवर सुरू होणारं. बरेच महिने नुसतं उभं होतं. थंड असताना खांदा भरून येईपर्यंत दोरी ओढली तरी धरत नाही. धरलंच तर चोकवरच तग धरतं, चोक आत ढकलला की बंद. मात्र गरम झालं आणि थ्रॉटल पूर्ण उघडला की तक्रार नाही.

हे शेवटचं लक्षण महत्त्वाचं. मोठ्या थ्रॉटलला मेन जेट (जेट म्हणजे कार्बमधला बारीक भोकाचा पितळी तुकडा) पेट्रोल देतो, म्हणजे टाकी, पाइप आणि पंप यांतून पुरवठा येतोय. स्लो स्पीडला मात्र सगळी भिस्त पायलट जेटवर, आणि त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. बाउलमधलं (कार्बच्या तळाच्या वाटीतलं) पेट्रोल उडून गेल्यावर उरणारा चिकट थर ते आधी बुजवतो. चोक हवा अडवून मिश्रण रिच करतो (म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढवतो), त्यामुळे बुजलेल्या जेटवरही इंजिन कसंबसं चालतं.

तरी कार्बला लगेच हात लावला नाही. किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप जागेवर, टाकीचा व्हेंट (हवेचं भोक) उघडा. प्रायमर बल्ब (पेट्रोलच्या पाइपवरचा हाताने दाबायचा रबरी फुगा) इंजिनकडचं तोंड वर ठेवून दाबला, कडक झाला. स्पार्क प्लग काढले तर दोन्ही कोरडे. एवढी दोरी ओढूनही कोरडे, म्हणजे थंड इंजिनात पेट्रोल पोचतच नाही. प्लगच्या नंबरात शेवटी ९ आहे. एनजीके या प्लग कंपनीच्या पद्धतीत त्याचा अर्थ ०.९ मि.मी. गॅप (ठिणगी पडते ती फट), तो बरोबर निघाला. टेस्टर लावून पाहिलं, ठिणगी दोन्हीकडे आहे. (टेस्टर प्लगच्या भोकांपासून लांब ठेवा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते.)

मग बाउलचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बरणीत घेतलं. पिवळट, वॉर्निशसारखा वास, आणि तळाशी वेगळा थर. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात घेतं. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, आणि टाकीतला पाइप नेमका तळातूनच ओढतो. जुनं पेट्रोल काढून टाकलं आणि छोट्या वेगळ्या टाकीतून ताजं दिलं. थोडा फरक पडला, पण चोक सुटेना. आता मात्र कार्ब उघडणं भाग होतं.

मेन जेट स्वच्छ होता. पायलट जेट उजेडासमोर धरला तर आरपार काहीच दिसेना. क्लीनरमध्ये भिजवला, नायलॉनचा केस आत घातला, मग हवा मारली. तार घालू नका, पितळ मऊ असतं. भोक मोठं झालं की जेट वाया. मिक्श्चर स्क्रू (स्लोवरचं मिश्रण ठरवणारा) काढण्याआधी तो हलकेच टेकेपर्यंत किती फेरे आत जातो ते लिहून ठेवलं. थ्रॉटलच्या पाकळीजवळच्या बारीक छिद्रांतून स्प्रेची धार वेगवेगळी निघते का, हेही पाहिलं. लोक जेट साफ करून थांबतात आणि अडथळा या वाटांमध्येच राहतो. चष्मा घाला, स्प्रे हमखास तोंडावर उलटतो.

पाण्याच्या पिंपात खालचा भाग बुडवून चाचणी घेतली (कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर जातो). थंड इंजिन थोडक्या ओढीत धरलं, चोक आत गेला आणि स्लोवर शांत चाललं.

एक गोष्ट अजून बाकी आहे. रात्रभर ठेवलं की सकाळी बल्ब मऊ पडलेला असतो आणि दोन-तीनदा दाबल्याशिवाय इंजिन नीट धरत नाही. पेट्रोल कुठे गळत नाही, म्हणजे हवा आत शिरत असावी किंवा बल्बचा व्हॉल्व्ह सुटत असावा. आधी इंजिनकडच्या कनेक्टरची ओ-रिंग बदलणार, कारण ती सर्वांत स्वस्त आणि तिच्यावर बारीक चीर दिसतेय. तेवढ्याने नाही भागलं तर नवा बल्ब, आणि तरीही तसंच राहिलं तर पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा).