एकाच ओट्यावर दोनदा

इंदूर, रात्रीचे दोन वाजलेत. साबणाने दोनदा हात धुतले, तरी बोटांचा जीरावनाचा (इथला चटकदार मसाला) वास जात नाही. आत्या आल्या आल्या आडवी झाली. मला झोप येत नाहीये. पोट तुडुंब भरलंय हे एक, आणि दुसरं म्हणजे तो ओटा.

दुपारी आत्याच्या कुड्या आणायला सराफ्यात, म्हणजे इथल्या सोन्याचांदीच्या बाजारात गेलो होतो. राजवाड्यापासून चालत दोन-चार मिनिटं. एक मोती निखळला होता, तो बसवायला दिलेला. दुकान उंच ओट्यावर, पायऱ्या चढून आत जायचं. सराफांनी कुडी काचेच्या पेटीतल्या तराजूवर ठेवली आणि डोक्यावरचा पंखा बंद केला. वाऱ्याने आकडा हलतो म्हणे. आम्ही तिघंही गप्प. आत्या तर त्या आकड्याकडे अशी बघत होती, जणू तिचाच रिझल्ट लागणार आहे. मग पैसे दिले आणि ती गुडघ्यांना जरा आराम म्हणून बाहेर ओट्याच्या कडेला टेकली, तिच्या शेजारी मी.

"रात्री बघ याच जागेवर," ती म्हणाली.

रात्री साडेदहाला पुन्हा सराफ्यात निघालो, या वेळी खायला. त्याआधी जातात ते पाहुणे, असं आत्याचं मत. (मी कोण, हे विचारलं नाही.) आठ-नऊच्या सुमारास सोन्याचांदीची शटरं खाली येऊ लागतात आणि त्याच शटरांना पाठ लावून कढया, टेबलं, बर्फाच्या पेट्या मांडल्या जातात. रात्री दोनपर्यंत हेच राज्य. सराफांनाही हे पूर्वीपासून सोयीचं वाटत आलं, असं इथले लोक सांगतात. गल्ली जागी राहिली की दुकानाला आयती राखण.

दुपारचा ओटा मी पायऱ्यांवरून ओळखला. तिथे आता गराडूची कढई होती. गराडू म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीतला कंद, थंडीतच मिळतो. चौकोनी फोडी एकदा तळून बाजूला ढीग लावून ठेवलेल्या, गिऱ्हाईक आलं की पुन्हा तेलात. वरून जीरावन आणि लिंबू. कढईवाल्याने मूठभर फोडी द्रोणात टाकल्या, माझ्याकडे पाहिलं, आणखी तीन टाकल्या. याच दगडावर दुपारी पंखा बंद करावा लागला होता!

बाकीचं भराभर लिहिते. भुट्ट्याचा कीस: कोवळं कणीस किसून तुपात परतायचं आणि दुधात शिजवायचं, वर खोबरं-कोथिंबीर. हा घरी करून बघणार. खोपरा पॅटीस: बाहेर बटाटा, आत खोबऱ्याचं सारण, मला जरा गोड वाटलं. शिकंजी मागवताना लिंबाचं सरबत डोक्यात होतं, हातात आलं केशर-सुकामेव्याचं दाट दूध. आत्या इतकी हसली की शेजारचा माणूसही हसायला लागला. दहीवड्याचा द्रोण वर उडवून झेलण्याचा खेळही बघितला. पण मला त्याहून भारी वाटली ती मसाल्यांची चिमूट. सगळे मसाले एकाच चिमटीत उचलायचे आणि एकेक वेगळा सोडायचा. आणि जलेबा! जिलबीचा थोरला भाऊ. एक घेऊन दोघींनी खाल्ला, तरी उरला.

नूडल्स आणि जळतं पान यांच्यापुढे सगळ्यात जास्त गर्दी, निम्मे लोक मोबाइल वर धरून. मला ते आवडलं नाही. आत्याला काही वाटलं नाही. "पोरं आहेत, खाऊ दे ना."

कचरा मात्र शोधूनही दिसेना. स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून हे शहर वर्षानुवर्षं पहिलं येत गेलं. इथे एकाने द्रोण खाली टाकला तर मागच्या अनोळखी बाईने त्याला हाक मारून उचलायला लावला. तेवढ्यात मला झारेकरी आठवले. सराफकट्ट्यावरची धूळ गोळा करून, धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारे. इथे त्या धुळीवर रोज रात्री तूप, साखरेचा पाक आणि हजारो चपला. आत्याला विचारलं, तर म्हणाली, "तुला खाताना हेच सुचतं?"

परत निघताना त्याच कढईपाशी दुपारचे सराफ दिसले. टोपी, मफलर, हातात द्रोण. इतरांसारखे रांगेत उभे राहून घेतलेला. मी ओळखलं नव्हतं, आत्याने नमस्कार केला म्हणून कळलं. कुडी नीट बसली का, त्यांनी विचारलं. मग गल्लीत ओळीने ठेवलेल्या गॅसच्या सिलिंडरांकडे हनुवटीने खूण करून म्हणाले, हे बघितलं की घरी झोप लागत नाही. गल्ली अरुंद, काही झालं तर बंब कुठून येणार? 1984 मध्ये राजवाडा जळाला, त्याचं लाकूडकाम पेटलं होतं, ते इथल्या कोणाला सांगावं लागत नाही.

"मग बंद करायला सांगा ना," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कढईवाल्याकडे. द्रोण पुढे केला.

"भिया, नींबू थोडा और."