उन्हाळ्यात कोणती इटालियन रेड वाइन थंड करावी?

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा संकेत जाड भिंतींच्या गार घरांतून आलेला आहे. जुलैमध्ये उत्तर इटलीतल्या मोदेना शहराचा पारा ३५ अंशांकडे सरकतो, तेव्हा हा संकेत पाळल्यास अल्कोहोल नाकाला झोंबतो आणि फळाचा गंध मागे पडतो. मात्र हाती येईल ती बाटली फ्रीजमध्ये ठेवूनही चालत नाही. थंडाव्यात टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून उतरणाऱ्या द्रव्याचा, तुरटपणा तीव्र होतो, त्यामुळे टॅनिनने भरलेली बारोलो ही वाइन गार करून प्यायल्यावर कच्चे जांभूळ चावल्यासारखी जीभ आखडते; बारोलोच्याच पिएमोंते प्रांतातल्या बारबेरा या वाइनला टॅनिन बेताचे आणि आम्लता भरपूर असल्यामुळे १४ अंशांचा गारवा मानवतो, अर्थात ती लाकडी पिंपात फार मुरवलेली नसावी.

माझा कौल मात्र लाम्ब्रुस्को दी सोर्बारा या द्राक्षाच्या त्याच नावाच्या वाइनला आहे. सेक्किया आणि पानारो या नद्यांच्या दरम्यान, मोदेनाच्या उत्तरेला पिकणाऱ्या या द्राक्षाच्या फुलांत स्वतःहून फलधारणा नीट होत नाही, म्हणून शेतकरी शेजारी लाम्ब्रुस्को सालामिनो या दुसऱ्या जातीच्या वेली लावतात. एवढा खटाटोप करून मिळणारी वाइन फिकट लाल, कधी जवळजवळ गुलाबी, बुडबुड्यांची आणि कडक आंबट असते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकेत खपलेल्या गोड, स्वस्त लाम्ब्रुस्कोने या नावाची जी बदनामी केली, ती सोर्बाराला अन्यायाने भोगावी लागली, असे मला वाटते. मोदेनात ती न्योक्को फ्रित्तो या तळलेल्या पुरीवजा पदार्थाबरोबर आणि मोर्तादेल्ला या डुकराच्या मांसाच्या सॉसेजबरोबर पितात, कारण आम्लता आणि बुडबुडे तोंडातला तेलकटपणा धुऊन काढतात. आपल्या कांदाभज्यांशीही तिचे सख्य जमण्यासारखे आहे.

बुडबुडे नको असतील, तर सिसिलीच्या व्हित्तोरिया परिसरातली, स्ट्रॉबेरीच्या गंधाची फ्रापातो घ्यावी. हिच्याच द्राक्षाचा नेरो दाव्होला या सिसिलीच्याच काळ्या द्राक्षाशी संयोग करून चेरास्वोलो दी व्हित्तोरिया ही वाइन बनते; ती अंगाने थोडी भरदार असल्यामुळे भाजलेल्या ट्यूनालाही पेलते. उत्तर इटलीच्या आल्तो आदिजे भागातली स्क्यावा ही वाइन याहूनही हलकी आहे, पण तिचा साधेपणा मला लवकर कंटाळवाणा वाटतो.

लाम्ब्रुस्को विकत घेताना लेबलवर ‘सेक्को’ (गोड नसलेली) हा शब्द पाहावा, कारण ‘आमाबिले’ लिहिलेली बाटली गोडसर निघते. सेक्को लाम्ब्रुस्को १२ अंशांच्या आसपास प्यावी आणि उघडल्यावर त्याच जेवणात संपवावी.